मोर, भुईमूग आणि उगवणीचे दहा दिवस

शिरूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलंय: भुईमूग पेरला की दुसऱ्या दिवसापासून मोर-लांडोर दाणे उकरतात. आई म्हणते, देवाचं वाहन आहे, खडा मारायचा नाही. शेजारी म्हणतात, थायमेट लावलेले दाणे टाक. काय करू?

दादा, शेजाऱ्यांचं आधी सोडा. थायमेट म्हणजे फोरेट हे जहाल कीटकनाशक, त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. तसले दाणे होले, तित्तर, तुमच्याच कोंबड्याही टिपणार. शिवाय मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. विष घालणं म्हणजे शिकारच, आणि तिला किमान 3 वर्षं कैद. अंडी फोडणंही त्यातच येतं; बांध तासताना झुडपात लांडोर बसलेली दिसली तर तेवढी जागा राहू द्या.

आईंचा शब्द मोडायची गरज नाही. मोरपिसांची टोपी घालून आलेल्या वासुदेवाला ज्या दारातून सूपभर धान्य जातं, तिथं मोराला दगड मारा असं मीही सांगणार नाही. रान राखलं की झालं, आणि तेही हंगामभर नाही. खरी राखण उगवणीचे आठ-दहा दिवस आणि पुढे शेंगा भरल्यापासून काढणीपर्यंत. मधल्या काळात मोर नाकतोडे, किडे टिपत फिरतो, फिरू द्या.

मोर पेरलेलं रान तासाच्या, म्हणजे पेरणीच्या सरळ ओळीच्या, रेघेवरून ओळखतो आणि त्याच रेघेनं उकरत जातो. म्हणून पाभरीमागं (पेरणीच्या अवजारामागं) लगेच फळी फिरवून तास बुजवा. दाणा 5 सेंटिमीटर खोल पडू द्या. मोर रानात शक्यतो चालत शिरतो. ज्या बाजूला झाडी किंवा ओढा आहे तिकडून जुन्या साड्या ताणून बांधा, खालची कड मातीला टेकलेली हवी. बारीक नायलॉनची जाळी नको, पाय अडकून मोर मरतो. लाल-चंदेरी चमकी फीत पीळ देऊन जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवर लावा. मात्र चार दिवसांत तो तिला सरावतो, जागा बदलत राहा. उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि चारनंतर कुणीतरी रानात हवं. जमलं तर शेजाऱ्यांसोबत एकाच वेळी पेरा. शिवारात एकट्याचंच रान पेरलेलं असलं की सगळा थवा तिथंच उतरतो.

एवढं करूनही कडेच्या दोन-चार तासांत तुटाळी पडेल, म्हणजे मधे रोपं नसलेल्या मोकळ्या जागा राहतील. पेरणीदिवशीच थोडं बियाणं बाजूला काढून ठेवा आणि आठव्या दिवशी ओल आहे तोवर त्या मोकळ्या जागी दाणे टोकून नांगे भरून घ्या.