आधी गुडघा शोध, मग यंत्र

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. विभागात, बोलता न येणाऱ्यांसाठीचं, नजरेवर चालणारं यंत्र आलंय आणि ते कधी कुणाला लावतो असं तुला झालंय. साहजिक आहे. पण यंत्र हातात घेऊन पेशंट शोधायला निघालं की फसगत होते. माझी झाली, ती ऐक.

परळच्या चाळीतला एकोणीस वर्षांचा मुलगा. सेरेब्रल पाल्सी, हात सारखे वळवळणारे, बोलणं फक्त आईला कळायचं. समज मात्र पक्की. मी टॅबलेटवर स्कॅनिंग लावलं, म्हणजे चौकट एकेका चित्रावर सरकत जाते आणि हव्या चित्रावर स्विच दाबला की टॅबलेट त्याचं वाक्य बोलतो. उजव्या हाताखाली स्विच ठेवला. हातच का? सगळे हातानेच दाबतात म्हणून, दुसरं कारण नाही. तो दाबायला जायचा, हात भलतीकडे, तोवर चौकट पुढच्या चित्रावर. घामाघूम व्हायचा पोरगा. महिन्याने घरी गेलो तर टॅबलेट कपाटात, साड्यांच्या घडीखाली. आई ओशाळून म्हणाली, "अहो डॉक्टर, चॅनल बदलायचा असला की तो डाव्या गुडघ्याने पलंगाला ठोकतो. तिथे नाही का बसवता येणार?"

ती कधीची सांगणार होती, मी विचारलंच नव्हतं.

मग कंबर मागे नीट टेकवली, पायांखाली पाट दिला, गुडघ्याशी क्लॅम्पने स्विच लावला, स्कॅनचा वेग कमी केला. आठवड्यात जमलं. मी भरलेलं वाक्य होतं, "मला पाणी हवे आहे". चाळीत असं कोण बोलतं? त्याने आधी भरून घेतलं, "ए, गप बस!" धाकट्या भावासाठी. शिव्याही भरून दे मागितल्या तर. एकोणीस वर्षांच्या पोराला लागतातच.

अमेरिकेत १९९३ साली छापलेल्या एका पाहणीत २२७ अपंग प्रौढांकडची २९.३ टक्के साधनं पार टाकून दिलेली निघाली. निवडताना वापरणाऱ्याचं मत न घेणं हे एक कारण. साधन सहज हाती आलेलं असणं हे दुसरं. शिबिरात वाटप करणाऱ्यांनी दुसरं जरूर वाचावं.

तुझ्या यंत्राला डोकं बऱ्यापैकी स्थिर लागतं, आणि खिडकीतून ऊन आलं की ते गोंधळतं. त्याआधी घरातला साधा अँड्रॉइड फोन घे. त्यात स्विच अ‍ॅक्सेस ही स्विचने फोन चालवायची सोय फुकट आहे. भुवई उंचावणं किंवा तोंड उघडणं हाही स्विच होऊ शकतो. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली केईएममध्ये आपला ऑक्युपेशनल थेरपीचा अभ्यासक्रम सुरू केला तेव्हा एवढंही नव्हतं.

शनिवारी पेशंटच्या घरी जा. पलंगापासून प्लग किती लांब आहे ते मोज. आई कामावर गेली की चार्जर कोण लावतं, सरकलेला स्विच जागेवर कोण आणतं, ते विचार. चार्ज संपेल त्या दिवसासाठी चित्रांचा कागदी तक्ता भिंतीवर लावून ये. आणि त्याचं "हो" घरचे कशावरून ओळखतात ते बघून मला कळव.

तुझा,
सर