समुपदेशकाने फोन कुणाला करायचा?

शाळांमधल्या समुपदेशकांची आणि शिक्षकांची पत्रं या वेळी बरीच आली. अनेकांनी उपक्रमांचं साहित्य मागितलंय. साहित्य भरपूर मिळतं, त्यातलं थोडं खाली येईलच. मात्र पत्रं वाचून जाणवलं ते समुपदेशकांचं एकटेपण. अवघड प्रसंगात कुणाला फोन करायचा हेच बहुतेकांचं ठरलेलं नाही. उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

संस्थेच्या शाळेत चौदाशे मुलं आणि समुपदेशक मी एकटी. रजेवरच्या शिक्षकांचे ऑफ तास माझ्याच वाट्याला येतात. मुख्याध्यापकांना दर महिन्याला एक प्रेरणादायी व्याख्यान हवं असतं. मुलांशी बोलायला जागा म्हणजे प्रयोगशाळेचा कोपरा. सुरुवात कुठून करू? (सोलापूर जिल्हा)

कागदापासून करा. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. त्यात न्यायालयाने शाळांपासून कोचिंग क्लासपर्यंत सगळ्यांसाठी 15 मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. हेल्पलाइनचे नंबर वर्गांत ठळक अक्षरांत लावायचे. कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत. मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. प्रत हातात द्या आणि म्हणा, "सर, हे शाळेला करावंच लागणार आहे. मी करून देते, मला तेवढा वेळ द्या."

वेळेचा मुद्दा पटवायला एक चांगला दाखला आहे. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात 74 शाळांमध्ये 'सेहर' नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत या कामासाठीच नेमलेले, मानसोपचाराची पदवी नसलेले पण प्रशिक्षण दिलेले 'सेहर मित्र' होते. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला. मित्रांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, नैराश्याची लक्षणंही घटली. शिक्षकांच्या शाळांत फरक दिसला नाही. मित्र करायचे काय? परिपाठात विषय मांडणं, भित्तिपत्रक, मुलांना मनातलं लिहून टाकता येईल अशी पेटी, दादागिरीविरुद्ध शाळेचं धोरण, आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणं. महिन्याच्या व्याख्यानाने यातलं काही होत नाही. व्याख्यान झालं की टाळ्या पडतात आणि ज्या मुलाला बोलायचं होतं ते तसंच वर्गात परत जातं.

मग एका पानावर चार गोष्टी लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या: आठवड्याचे कोणते तास फक्त समुपदेशनाचे, कोणती खोली (बाहेरून दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी), ऑफ तास किती आणि कधी नाहीत, आणि मुलाने सांगितलेलं कोणाला सांगितलं जाईल, कोणाला नाही. सही झाली नाही तरी कागद लिहा. तुमचं काम तुम्हालाच स्पष्ट होईल.

एम. ए. मानसशास्त्र आहे, पण आरसीआय नोंदणी नाही. चाचण्या घेऊ शकते का? आणखी कोणता कोर्स करू? (पुणे)

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजेच आरसीआयची नोंदणी लागते. तुमचं काम त्यांचं नाही. निदान करू नका, प्रमाणपत्र देऊ नका, पालकांसमोर 'याला एडीएचडी आहे' असं वाक्य उच्चारू नका. अध्ययन अक्षमतेमुळे बोर्डाच्या परीक्षेत सवलत हवी असेल तर प्रमाणपत्र अधिकृत रुग्णालयातूनच येतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं एलडी क्लिनिक वर्षानुवर्षं हे काम करतंय. तुमचा वाटा त्याआधीचा: मुलाच्या वह्या, शिक्षकांच्या नोंदी, घटक चाचण्यांचे पेपर गोळा करून मूल आठवीतच तिकडे पाठवायचं. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून काही हाती लागत नाही.

प्राथमिक चाळणीसाठी एसडीक्यू ही मुलांच्या जमेच्या बाजू आणि अडचणी टिपणारी 25 विधानांची प्रश्नावली चांगली आहे. 11 ते 17 वर्षांची मुलं ती स्वतः भरू शकतात. ती फक्त चाळणी आहे, हे विसरू नका. अख्ख्या शाळेला वाटण्याआधी गणित करा. दोनशे मुलं 'लक्ष द्यायला हवं' अशी निघाली आणि तुम्ही महिन्याला वीसच जणांना भेटू शकत असाल, तर उरलेल्यांना आपण नुसतं उघडं पाडतो.

कोर्स म्हणाल, तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम मला सर्वांत भरीव वाटतो. सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने शाळेत काम. महाराष्ट्राला भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था जवळची. लैंगिक शोषणाच्या विषयासाठी मुंबईची 'अर्पण', मराठी वातावरणात मनाच्या आरोग्यावरचं काम पाहायचं तर ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ). बालसंरक्षण आणि मुलांचं मानसिक आरोग्य या जोडविषयावर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 'संवाद' उपक्रमाच्या पुस्तिका घ्या, जीवनकौशल्यांची सत्रं त्यांतून तयार करता येतात. शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्र कोर्सची फी भरण्याआधी एकच विचारा: माझ्या प्रत्यक्ष केसेस कुणी ऐकणार आहे का? नाही म्हणाले तर पैसे वाचवा.

आठवीतल्या मुलीने काकांबद्दल सांगितलं. आधी तिने माझ्याकडून 'कुणाला सांगणार नाही' असं वचन घेतलं होतं. मुख्याध्यापक म्हणतात, शाळेचं नाव जाईल, आधी सखी सावित्री समितीपुढे ठेवू, मग घरच्यांना बोलावू. मी काय करू? (मराठवाडा)

आजच कळवा. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबायचं नव्हतं, म्हणून तुम्हाला वेगळं कळवलंच आहे. इतरांसाठी सविस्तर लिहितो.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 2012 चा. त्याचं कलम 19 'कोणतीही व्यक्ती' असं म्हणतं. गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडेल अशी भीती असेल, तर विशेष बाल पोलीस पथक किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणारी सखी सावित्री समिती कामाची आहे, पण ती पोलिसांची जागा घेत नाही. खरं-खोटं तपासणं हे तुमचं काम नाही, समितीचंही नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. एकट्याने पोलीस ठाण्यात जायला दडपण येत असेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बाल कल्याण समितीशी बोला. कुणी सोबत येईतो मात्र थांबू नका.

आता त्या मुलीकडे वळू. तिला परत परत सांगायला लावू नका. "मग काय झालं? तेव्हा तू ओरडली का नाहीस?" असले प्रश्न नकोत. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून, त्याच दिवशी लिहा. काकांना शाळेत बोलावून समोरासमोर करणं हा तर निव्वळ अत्याचार. पालकांपैकी कुणाशी बोलायचं हेही विचार करून ठरवा. घरातलाच माणूस असेल तर कधी कधी आईवरही दबाव येतो आणि दुसऱ्या दिवशी मुलगी 'मी खोटं बोलले' म्हणते. घटना नुकतीच असेल तर वैद्यकीय मदत तातडीने हवी. कोणतंही रुग्णालय तातडीच्या उपचारासाठी पोलिसांचा कागद मागू शकत नाही.

तिला पुढचं आधीच सांगून ठेवा, भीती निम्मी होते. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी घेते, अधिकारी गणवेशात नसतात, रात्री तिला ठाण्यात ठेवत नाहीत. बाल कल्याण समिती तिच्यासोबत राहायला सहाय्यक व्यक्ती नेमू शकते. हे तुम्हीच मागा, आपणहून मिळेल असं धरून चालू नका.

वचनाचं काय? तिला सरळ सांगा: "तू सांगितलंस ते बरं केलंस. मी कुणालाच सांगणार नाही म्हणाले होते, ते मला पाळता येणार नाही, कारण तुला जपायला माझ्या एकटीची ताकद पुरत नाही. कुणाला सांगणार आहे ते आधी तुला सांगते." ती रागावेल. रागावू द्या, पण दुसऱ्या दिवशी तिची वाट बघा. आणि यापुढे प्रत्येक मुलाशी पहिल्याच भेटीत हे बोलून घ्या: "इथलं बोलणं मी वर्गात, घरी सांगत फिरणार नाही. पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होत असेल, तर मला एका मोठ्या माणसाची मदत घ्यावी लागेल."

मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या म्हटलं की पालक म्हणतात, "आमचा पोरगा काय वेडाय का?" जवळचा डॉक्टर सत्तर किलोमीटरवर. (नंदुरबार)

पालकांना आजाराचं नाव ऐकवू नका, दिसतंय ते सांगा: "महिनाभर झाला, डबा तसाच परत नेतो. रात्री झोपत नाही म्हणतो. मला काळजी वाटते." झोप आणि जेवण यावर आईबाप बोलतात, तिथून दार उघडतं.

अंतरासाठी पायऱ्या करा. पहिली टेलि-मानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर 14416, चोवीस तास, मोफत, मराठीत. पालकांना घेऊन शाळेतूनच फोन लावा, नंबर लिहून देऊन सोडू नका. समुपदेशकालाही स्वतःची अडचण तिथे विचारता येते. दुसरी पायरी शासकीय रुग्णालयातलं 'मैत्री क्लिनिक', 10 ते 19 वयोगटासाठी. 'वयात येणाऱ्या मुलांची तपासणी' म्हटलं की पालक सहज येतात. मग जिल्हा रुग्णालयातला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. फारच गंभीर असेल तर येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण तिथवर जायची वेळ क्वचित येते. शाळेत वर्षातून एकदा येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शिकण्यातल्या अडचणी, वाढीतलं मागेपण टिपतं. उदास मूल त्यांच्या धावत्या तपासणीत सापडेल अशी आशा ठेवू नका.

या सगळ्या ठिकाणी स्वतः एकदा जाऊन या. कोणत्या दिवशी ओपीडी, कोणत्या मॅडम मुलांशी बऱ्या बोलतात, हे कुठल्याही यादीत नसतं.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. आयुष्मान भारतच्या शालेय कार्यक्रमात माझं प्रशिक्षण झालंय. वर म्हणता त्याप्रमाणे शिक्षकांकडून हे होत नसेल, तर आम्ही करायचं काय? (सातारा)

पत्र आधी आलं होतं, त्यामुळे 'वर म्हणता' हे शब्द माझे, शंका तुमचीच. 2020 पासूनच्या त्या कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांवर 11 विषय आहेत आणि मानसिक आरोग्य त्यांतला एक. 'सेहर'चा अर्थ शिक्षक कमी पडतात असा मी घेत नाही. जो गुण देतो त्याच्यापाशी मन मोकळं करणं मुलाला जड जातं आणि शिक्षकाला वेळही नसतो. तुम्ही समुपदेशक होऊ नका. बदल ओळखा, पाच मिनिटं ऐका, पुढे पोचवा. सलग गैरहजेरी, अचानक घसरलेलं अक्षर, मधल्या सुट्टीत एकटं बसणं तुमच्याइतकं कुणाला दिसत नाही. आणि मरणाची भाषा ऐकली तर थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.

आमच्या कॉलेजातल्या अकरावीच्या मुलाने आत्महत्या केली. त्याच आठवड्यात तो माझ्याशी बोलला होता. "तुम्हाला कळलं कसं नाही?" असं सगळे विचारतात. मला झोप लागत नाही. (विदर्भ)

एका विशिष्ट व्यक्तीबद्दल असा अंदाज अनुभवी मानसोपचारतज्ज्ञालाही खात्रीने बांधता येत नाही. विचारणाऱ्यांना हे सांगायची जबाबदारी तुमची नाही, प्राचार्यांची आहे. त्यांना तसं कळवा, हवं तर हे उत्तर दाखवा. झोपेसाठी डॉक्टरांना भेटा. 14416 तुमच्यासाठीही आहे.

शाळेत अजून काम उरलंय, पण ते एकट्याने करू नका. त्याचे जवळचे मित्र, शेजारी बसणारा, ज्याच्याशी भांडण झालं होतं तो, आणि पूर्वी स्वतःला इजा केलेली मुलं यांच्याकडे आधी बघा. परिपाठात माइकवरून बोलण्याऐवजी वर्गशिक्षकांनी आपापल्या वर्गात तेच मोजके शब्द सांगावेत. कसं, कुठे, का याची चर्चा नको आणि मोठा फोटो लावून गौरवही नको. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेचं एकच निवेदन जावं. निकालाचा दिवस आणि वर्षश्राद्धाची तारीख आताच डायरीत लिहून ठेवा.

आणि सुपरव्हिजन मागा. जिल्हा रुग्णालयातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा एखाद्या ज्येष्ठ समुपदेशकाशी महिन्यातून दोन तास ठरवा. मानधन संस्थेने द्यावं, नाही दिलं तर तालुक्यातल्या चार-पाच समुपदेशकांनी वर्गणी काढावी. नाव न घेता केस मांडायची, आपल्याला काय सुचलं नाही ते सांगायचं, दुसऱ्यांचं ऐकायचं. शिक्षकाला केंद्रप्रमुख असतो, नर्सला मेट्रन असते, समुपदेशकाला मात्र कुणी नसतं आणि कुणाला त्यात वावगंही वाटत नाही. मला हे गैर वाटतं. त्या मुलाबद्दल बोलायची पहिली जागा तीच.

मुख्याध्यापक माझी नोंदवही बघायला मागतात. दाखवू का? (कोल्हापूर)

दोन वह्या ठेवा. एकीत तारीख, वेळ, मुलाचा सांकेतिक क्रमांक, वर्ग आणि 'भेट झाली' किंवा 'पुढे पाठवलं' एवढंच. ती कुणीही बघावी, तिच्यावरून तुमचं काम दिसतं. दुसरी कुलपात, तीत मोजकंच लिहा, मुलाचे शब्द आणि तुमचे तर्क वेगळे ठेवा. ती न्यायालयाने किंवा तपासासाठी कायदेशीर मार्गाने मागितली तरच द्यायची. फोनमध्ये मुलांच्या नोंदी ठेवू नका. नोकरी सोडताना चालू केसेस मुलाला विचारून, पालकांना सांगून नव्या समुपदेशकाकडे सोपवा, आणि वही कुणाच्या ताब्यात दिली याची पोच लेखी घ्या.