मुठभर डिंक रंगाले

प्रिय पोरी,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. सोयाबीनच्या कापणीत घर पार उलटंपालटं होतं, म्हणून उत्तराला उशीर. तू विचारलंस, बाळ पाच महिन्यांचं झालं, आता चित्राला वेळ कधी मिळेल? मिळणार नाही. निदान तुला हवा तसला, दार लोटून बसायचा वेळ पुढची तीन-चार वर्षं नाहीच. आईपणानं कला फुलते असं भाषणात सांगतात, मला ते कधी पटलं नाही. लेकरू वेळ खातं. खाणारच.

म्हणून काम असं धर, की मधेच टाकून उठता येईल. थोरली झाली तेव्हा मी जलरंगात मोठमोठी निसर्गचित्रं करायची. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, एकदा फिरवायला घेतला की कड सुकायच्या आत पुरा करावा लागतो. आपल्या आर्वीकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तिथं रंग कागदभर पोचायच्या आधीच वाळतो. तेवढ्यात पाळण्यात कुरकुर. त्या दोन वर्षांतल्या माझ्या प्रत्येक आभाळाला मधोमध एक डागाची रेघ आहे. शेवटी वॉश सोडला. पेन्सिल घेतली, पोस्टर कलर घेतले. अपारदर्शक रंगाचं एक बरं असतं, आजचा थर वाळला तरी उद्या त्यावर दुसरा देता येतो.

मॉडेल म्हणशील तर झोपलेलं लेकरू. तेवढंच काय ते स्थिर! कृषी केंद्राच्या कॅलेंडरची कोरी पाठ घ्यायची आणि एका डुलकीत एक कान काढायचा. किंवा एक मूठ. अख्खं बाळ काढायच्या नादी लागू नकोस.

सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "पोट्टं रडून रायलं अन् हे रेघोट्या मारून रायली." पण माझ्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी आणलेल्या डिंकातला मुठभर त्यांनीच बाजूला काढून दिला होता. "हे तुह्या रंगाले." त्या बाईचं गणित मला शेवटपर्यंत नीट सुटलं नाही.

तो डिंक कसा वापरायचा ते सांगते, कारण बाजारातले रंग महाग झालेत. बाभळीचा डिंक एक वाटी, पाणी दोन वाट्या, रात्रभर भिजव, सकाळी धोतराच्या कापडातून गाळ. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, दातदुखीसाठी ठेवलेलं लवंगेचं तेल एक थेंब टाक. गेरू पाण्यात ढवळून क्षणभर थांब. जाड कण तळाशी बसतात, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओत. रात्रीतून त्यात जो लोण्यासारखा गाळ बसतो, तोच रंग. डिंकाच्या पाण्यात खलून घे. उन्हाळ्यात दोन थेंब मध घातला तर जरा सावकाश वाळतो. पळसाच्या फुलांचा पिवळा मात्र उजेडात उडतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नकोस. आणि शेंदूर घरात कितीही असला तरी रंगात नको, त्यात शिसं असतं. तू अंगावर पाजतेस. कुंचल्याचं टोक ओठात धरायची तुझी शाळेतली खोड गेली असेल अशी आशा आहे.

गाण्याला हात लागत नाहीत, हे मला फार उशिरा उमगलं. मला अंगाईगीतं येत नव्हती, म्हणून भुलाबाईची, म्हणजे आपल्याकडच्या पोरींच्या सणातली, गाणीच पाळण्याशी म्हणायची. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत म्हणायची ती गाणी आमच्याकडं बारा महिने चालली. सासरे भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. वर्धा नदी ओलांडली की तुकडोजी महाराजांची मोझरी, तिथल्या खंजिरीचा ठेका त्यांच्या बोटांत मुरलेला. छपरीत ते वाजवत बसले की मी त्या ठेक्यावर सावलीच्या रेघा ओढायची. हात थरथरत नसे. तुझ्याकडं रेडिओ असेल, फोन असेल, तेही चालेल.

एक गोष्ट लपवत नाही. थोरली दोन वर्षांची असताना ओल्या चित्रावर चालत गेली आणि मी तिला फटका मारला. चित्र दुरुस्त केलं, ते दोनशे रुपयांना गेलंही. ती आज ही गोष्ट हसत सांगते, मला हसू येत नाही. त्या दिवशी यांनी संत्र्याच्या दोन पेट्या भिंतीला उंचावर ठोकल्या, ओलं काम तेव्हापासून तिथं वाळतं. तू आधीच ठोकून घे.

शहरातल्या एका प्रदर्शनाला दिलेली माझी तीन चित्रं परत आली नाहीत. तू काही पाठवलंस तर पोच लिहून घे, एवढंच.

सध्या गल्लीत भुलाबाई बसल्यात, संध्याकाळी पोरी गातात आणि खिरापत ओळखायला मला बोलावतात. कोजागिरीला माहेरी येशील तेव्हा बाळाला घेऊन ये. छपरीत पाळण्याची कडी अजून आहे. येताना कागद आण, डिंक माझ्याकडं आहे.

तुझ्या
ड्रॉइंगच्या बाई