ज्याची साइट, त्याच्या नावावर बिल

प्रिय मुली,

चिपळूणच्या मसालेवाल्यांकडून त्यांच्या साइटच्या वार्षिक नूतनीकरणाचे पैसे कसे काढायचे, असं तू विचारलंस. अगं, पैसे काढण्याची वेळच का आली ते बघ. 'सगळं धरून वर्षाला सहा हजार' असं तू कबूल केलंस आणि त्यांच्या धंद्याचा चालू खर्च स्वतःच्या अंगावर घेतलास. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुझ्या नावावर; होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, तुझ्या कार्डावर; पानं बांधायच्या पेज बिल्डरचं लायसन्स घ्यायचंच राहिलेलं. ज्याची साइट, त्याच्या नावावर बिल. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल, हे विसरू नकोस.

होस्टिंगचा जाहिरातीतला दर सहसा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यासाठी असतो, आणि मुदत संपली की तो दुप्पट-तिप्पट होतो. वर 18 टक्के जीएसटी. तुझी उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, तू जीएसटीची नोंदणी केलेली नाहीस, त्यामुळे हा कर सरळ तुझ्या खिशातून जातो. मसालेवाले मात्र नोंदणीकृत आहेत. बिलावर त्यांचा जीएसटी क्रमांक असता, तर त्यांना हा कर आपल्या जीएसटीतून वळता करून घेता आला असता. म्हणजे तुझ्या भिडेपायी दोघांचंही नुकसान.

दर तर तुझ्या हातात नाहीतच. सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सीपॅनेलने 2019 मध्ये सर्व्हरमागे दर लावणं सोडून खात्यांच्या संख्येवर दर लावला आणि ठरलेल्या रकमेत होस्टिंग देणाऱ्यांचं गणित कोलमडलं. होस्टिंग देणाऱ्या हेरोकूने 2022 च्या नोव्हेंबरात फुकटचे प्लॅन गुंडाळले. आणि व्हर्सेल या दुसऱ्या होस्टिंग कंपनीच्या ज्या फुकट हॉबी प्लॅनवर तू त्यांचं ऑर्डरचं पान हलवणार आहेस, तो व्यावसायिक वापरासाठी नाहीच. अटी वाचत जा गं! जे खरोखर मोकळं आहे ते खुशाल घे: लेट्स एन्क्रिप्टचं साइटच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र घे, फॉन्ट बनवणाऱ्या 'एक टाइप'चे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट घे. पण फुकट मिळालेल्या प्रमाणपत्राचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेऊ नकोस.

आता तो मित्राने दिलेला नल्ड, म्हणजे लायसन्सची अट काढून टाकलेला, पेज बिल्डर. साइट ज्या वर्डप्रेस प्रणालीवर उभी आहे, तिच्याबद्दल 'वर्डप्रेसचं सगळं जीपीएलच असतं ना' असं तू लिहिलंस. कोड वापरायचा, बदलायचा, वाटायचा हक्क जीपीएल हा परवाना देतो, हे खरं. पण अपडेट आणि सपोर्ट वर्षाची वर्गणी भरणाऱ्यालाच मिळतो. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या झिपमध्ये कुणी काय घुसडलंय हे तू कसं ओळखणार? ज्या साइटवर लोक आपला पत्ता आणि फोन नंबर भरतात, तिथे हे चालायचं नाही. आजच काढ. नवं लायसन्स त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या कार्डाने घ्यायला लाव. परवडत नसेल तर वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक एडिटरमध्ये पानं बांध. दहा-बारा मसाल्यांच्या दुकानाला तेवढं पुरतं.

माझ्या या हट्टापायी कामं गेली आहेत. एक जुने स्नेही म्हणाले, 'एवढंसं डोमेन तुम्हीच घ्या की.' मी त्यांचंच कार्ड मागितलं. काम दुसऱ्याकडे गेलं, बोलणंही तुटलं, आणि त्याची खंत अजून आहे. तरी उद्या पुन्हा कुणी विचारलं, तर मी कार्डच मागेन. माझ्या आजारपणात कित्येक आठवडे मी लॅपटॉप उघडला नव्हता. तेव्हा एकाही गिऱ्हाइकाची साइट बंद पडली नाही, कारण नूतनीकरणाची पत्रं त्यांच्याकडे जात होती आणि पैसे तेच भरत होते. लोक मला ताठ म्हणतात, म्हणोत. घर बांधणारा गवंडी घरमालकाचं वीजबिल भरत नाही, आणि त्याला कुणी ताठ म्हणत नाही.

पैसे येईपर्यंत साइट बंद ठेवू का, हे वाचून मात्र मला राग आला. मुळीच नाही. त्यांच्या गिऱ्हाइकांनी तुझं काय बिघडवलंय? डॉट कॉम डोमेनची मुदत उलटून वाढीव मुदतीचे दिवसही संपले, की पुढचे 30 दिवस ते सोडवायला जबर दंड पडतो आणि त्यानंतर काही दिवसांत ते कुणालाही घेता येतं. एवढ्या वर्षांचं त्यांचं नाव तू पणाला लावणार? यंदाचं डोमेन तू भर. मग चिपळूणला जा, शेजारी बसून त्यांच्या नावाचं खातं उघड आणि डोमेन तिकडे वळव. रजिस्ट्रंट, म्हणजे डोमेनचा नोंदलेला धनी, म्हणून दुकानमालकाचंच नाव घाल, त्यांच्या पुतण्याचं नको.

तू लिहिलेल्या कोडचंही तेच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा लेखी करार नसेल तर तुझ्यासारख्या स्वतंत्र काम करणाऱ्याचा कोड त्याचाच राहतो. हस्तांतर लेखीच लागतं, आणि त्यात मुदत घातली नाही तर ते पाच वर्षांचंच धरतात. तेव्हा शेवटचा हप्ता आला की मुदतीसकट लिहून दे.

आता नवं कोटेशन कर. त्यात फक्त तुझी मेहनत लिही: बांधणी, आणि वर्षभराची देखभाल. देखभालीचा आकडा लिहिताना लाजू नकोस, तो तुझ्या हक्काचा आहे. डोमेन, होस्टिंग, लायसन्स यांच्यापुढे 'ग्राहकाने थेट भरावे' असं लिही आणि पाठवण्याआधी मला दाखव. 'सगळं धरून' हे शब्द पुन्हा दिसले, तर मी ते परत पाठवीन.

तुझा,
काका