ध्रुवीय प्रदेशाच्या क्रूझसाठी कोणता महिना, कोणता मार्ग आणि कोणती केबिन घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की ही सहल आयुष्यात एकदाच जमेल, म्हणून अंटार्क्टिका की आर्क्टिक, कधी जावं, कुठून जावं आणि बाल्कनीवाल्या केबिनसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, हे ठरत नाहीये. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे माझे हात चांगलेच पोळलेत. नका मोजू. निदान ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला खवळता समुद्र, ओलांडणार असाल तर नकोच.

मी दोनदा गेलेय. पहिल्यांदा फेब्रुवारीच्या अखेरीस अंटार्क्टिक द्वीपकल्पाला, नंतर जुलैच्या शेवटी आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहाला. पहिल्या वेळी माहितीपत्रकातला एक फोटो बघून मी भुलले: सहावा मजला, जहाजाच्या पुढच्या टोकाकडची केबिन, बाल्कनीत कॉफीचा कप आणि समोर हिमनग. आधी केबिन पसंत केली, मग त्या जहाजाच्या तारखा बघितल्या, आणि त्या तारखांना जे दिसेल ते बघू असं ठरवलं. म्हणजे सगळा क्रम उलटा. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून निघून बीगल खाडीतून बाहेर पडलो आणि मध्यरात्री माझी केबिन पाळण्यासारखी वरखाली व्हायला लागली. बाल्कनीचं दार उघडायचं नाही, अशी सूचना झाली. पुढचे दोन दिवस मी गादीच्या कडा धरून पडून होते. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला खालच्या मजल्यावरच्या, मधल्या भागातल्या केबिनमधले एक आजोबा भेटले. म्हणाले, "जरा हलत होतं खरं, पण झोप मस्त लागली."

यात गूढ काही नाही. सी-सॉच्या टोकाला बसलेला उंच उडतो, मधोमध बसलेल्याला फारसं कळतही नाही. जहाज पुढेमागे आणि दोन्ही बाजूंना कलतं. जितकं वर आणि जितकं टोकाकडे राहाल तितका झोका मोठा. पुढच्या टोकाला लाटांवर आपटल्याचे धक्के बसतात, शिवाय पहाटे नांगर टाकताना साखळीचा खडखडाट उशाशी. मागच्या टोकाला इंजिनाची थरथर. म्हणून खालचा किंवा त्याच्या वरचा मजला, आणि लांबीच्या मध्यावरची केबिन. सगळ्यांत खालच्या गोल खिडक्यांवर खवळलेल्या समुद्रात लोखंडी झाकण लावतात, तेव्हा आत काळोख होतो. तो सोसत नसेल तर एक मजला वर जा. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, एवढं मात्र नकाशात बघून घ्या. डावी बाजू की उजवी, यावर डोकं खाजवू नका.

आता क्रम सरळ करू. आधी मनाशी ठरवा की तुम्हाला बघायचंय काय. ध्रुवीय अस्वल हवं असेल तर उत्तरेलाच जावं लागेल, पेंग्विन हवे असतील तर दक्षिणेला. दोन्ही एका सहलीत मागणारे लोक भेटतात, म्हणून सांगितलं. आणखी एक गैरसमज: पडद्यावर बर्फाच्या मैदानात घोळका करून उभे असतात ते एम्परर पेंग्विन नेहमीच्या मार्गावर जवळजवळ दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्नो हिल बेटाकडे हेलिकॉप्टर असलेलं जहाज लागतं, आणि तरीही हवामानाने साथ दिली तरच. द्वीपकल्पावर भेटतात ते जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अडेली.

अंटार्क्टिकाचा मोसम साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. या पाच महिन्यांत जागा तीच, पण दर महिन्याला प्रदेश वेगळा दिसतो. नोव्हेंबरात बर्फ कोरा करकरीत, त्यावर माणसाचं पाऊल पडलेलं नसतं, आणि पेंग्विनांची जोड्या जमवण्याची, घरट्यासाठी दगड चोरण्याची धांदल चालू असते. पण समुद्रातला बर्फ अजून फुटलेला नसतो, त्यामुळे फार दक्षिणेला शिरता येत नाही. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत पिल्लं अंड्यातून बाहेर येतात, रात्र नावापुरती उरते, पारा शून्याच्या आसपास किंवा किंचित वर असतो. बहुतेकांना हाच काळ आवडतो, म्हणून गर्दीही तेव्हाच.

मी गेले तेव्हा हे सगळं उरकलं होतं. किनाऱ्यावर पांढऱ्याशुभ्र बर्फाऐवजी चिखल, शेवाळाने गुलाबी-हिरवे झालेले पट्टे आणि पेंग्विनांच्या विष्ठेचा असा वास, की तो माझ्या जॅकेटातून महिनाभर गेला नाही. पहिल्या दिवशी मी खट्टू झाले. मग विल्हेल्मिना उपसागरात आमच्या रबरी बोटीचं इंजिन बंद केलं आणि एक हंपबॅक व्हेल बोटीपासून दोन हातांवर श्वास सोडत वर आला. त्या उच्छ्वासाचे तुषार चष्म्यावर पडले. (त्यालाही वास असतो, माशांचा.) व्हेलसाठी फेब्रुवारी-मार्चसारखा काळ नाही. शिवाय तेव्हा बर्फ मागे हटलेला असतो, म्हणून ६६ अंश ३३ मिनिटांचं अंटार्क्टिक वृत्त ओलांडायची शक्यताही तेव्हाच जास्त. आणि सूर्य पुन्हा नीट मावळायला लागतो, त्यामुळे संध्याकाळच्या प्रकाशातले फोटो मिळतात. तेव्हा 'सर्वोत्तम महिना' असं काही नसतं. पिल्लं की व्हेल की कोरा बर्फ, एवढंच ठरवा.

मार्गाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: केबिनवर वाचवलेले पैसे दिवसांवर घाला. दहा-अकरा दिवसांच्या सहलीत ड्रेक जाता-येता चारेक दिवस खातो, म्हणजे प्रत्यक्ष अंटार्क्टिकात चार-पाच दिवस. त्यातला एखादा वाऱ्याने गेला की जीव हळहळतो. ड्रेकची फारच धास्ती असेल तर चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने दोनेक तासांत द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथून जहाज पकडता येतं. पण धुकं आलं की विमान अडतं, म्हणून पुढचं परतीचं तिकीट घट्ट बांधू नका. तसा ड्रेक दर वेळी अंगावर येतोच असंही नाही. परतताना तो आम्हाला तळ्यासारखा शांत मिळाला आणि मी अख्खा दिवस डेकवर अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी बघत घालवला.

तीन आठवडे काढता येत असतील तर दक्षिण अटलांटिकमधलं दक्षिण जॉर्जिया बेट जोडून घ्या. मी ते केलं नाही आणि त्याची रुखरुख अजून आहे. तिथल्या सेंट अँड्र्यूज उपसागराचा किनारा लाखो किंग पेंग्विनांनी भरलेला असतो. त्यांचं पिल्लू वाढवण्याचं चक्र वर्षाहून लांब असल्याने मोसमात कधीही गेलात तरी तपकिरी लोकरीच्या कोटातली पिल्लं दिसतात. ग्रिटविकेनला व्हेलच्या शिकारीचं जुनं ओसाड स्थानक आहे आणि तिथेच, १९२२ साली वारलेल्या ध्रुवीय मोहिमवीर शॅकल्टनची कबर.

उत्तरेकडचा हिशेब वेगळा. स्वालबार्डला मे-जूनमध्ये गेलात तर डोंगर बर्फाने भरलेले, पण उत्तर आणि पूर्व बाजूच्या वाटा बर्फाने अडलेल्या असतात. तिथल्या मुख्य बेटाला पूर्ण वळसा घालायचा असेल तर जुलैचा उत्तरार्ध किंवा ऑगस्ट. स्वालबार्डच्याच अल्केफ्येलेटच्या कड्यावर हजारो समुद्रपक्षी बघायचे असतील तर जुलै संपायच्या आत पोचा, नंतर कडा रिकामा होतो. १ जानेवारी २०२५ पासून तिथले नियम कडक झालेत: संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाला प्रवेश नाही, ठरावीक जागांवरच उतरता येतं, आणि अस्वलापासून किमान ३०० मीटर, तर मार्च ते जूनअखेर ५०० मीटर लांब राहावं लागतं. तेव्हा अस्वल दुर्बिणीतूनच दिसणार हे धरून चाला आणि दुर्बीण चांगली घ्या. ध्रुवीय प्रकाश बघायचा असेल तर मात्र मध्यरात्रीच्या सूर्यात जाऊन उपयोग नाही. त्यासाठी ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरात पूर्व ग्रीनलंडचा स्कोर्सबी सुंड हा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची लांब खाडी. तोवर तिथला बर्फ हटलेला असतो, रात्री पुन्हा काळ्या होतात आणि जमिनीवरची झुडपं लाल पडलेली असतात.

केबिनपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आकडा जहाजावरच्या प्रवाशांचा. अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी शंभराहून जास्त प्रवासी उतरवता येत नाहीत, आणि ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाच उतरवत नाहीत. म्हणजे मोठ्या जहाजाचं स्वस्त तिकीट काढलंत तर अंटार्क्टिका काचेतून बघून परत. जहाज दोनशेचं असेल तर निम्मे किनाऱ्यावर, निम्मे बोटीतून फेरफटका, मग अदलाबदल. शंभराच्या आतलं असेल तर सगळे एकदम, आणि घड्याळाकडे बघणं कमी. पण लहान जहाज हलतंही जास्त, हे विसरू नका.

माहितीपत्रकात ठिकाणांची जी यादी असते ती इच्छा समजा. लेमेअर खाडी आमच्या यादीत ठळक अक्षरांत होती. तिथे पोचलो तर वाऱ्याने ढकललेल्या हिमनगांनी तोंड अडवलं होतं, कप्तानाने जहाज वळवलं. जास्त दिवसांची सहल घ्या म्हणते ती याचसाठी.

बोट लागत असेल तर गोळी किंवा कानामागची पट्टी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, पोट ढवळायला लागल्यावर फार उशीर झालेला असतो. विम्यात आजारपणात किंवा अपघातात तिथून हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते वाचून बघा. बहुतेक जहाजकंपन्या त्याशिवाय घेतच नाहीत.

बाल्कनी कुणालाच नको असं नाही. जिने चढणं-उतरणं ज्यांना जड जातं, किंवा ज्यांचा मार्ग बहुतेक शांत फ्योर्डांमधून जातो, त्यांनी जरूर घ्यावी. स्वालबार्डला मी मात्र शहाणी होऊन तिसऱ्या मजल्यावर, गोल खिडकीच्या केबिनमध्ये, दोन अनोळखी बायकांबरोबर राहिले. एके रात्री पावणेतीनला स्पीकरवरून हलक्या आवाजात सांगितलं की डाव्या बाजूला बर्फावर अस्वल आहे. बाहेर लख्ख ऊन. आम्ही तिघी झोपायच्या कपड्यांवर जॅकेट चढवून डेकवर धावलो. पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे बाल्कनीवाले उतरले, कारण त्यांची बाल्कनी उजवीकडे होती.