काकूंच्या नावाची बाग

प्रश्न : शेजारच्या काकू फाल्गुनात गेल्या. रोज पहाटे परडी घेऊन फुलं वेचायच्या. सोसायटीच्या कोपऱ्यात, 10 बाय 12 फुटांत, त्यांच्या आठवणीसाठी बाग करायची आहे. दुपारनंतर तिथे सावली असते. काय लावू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्राजक्त लावाच. वेचणाऱ्या बाईची आठवण म्हणून याहून योग्य झाड मला सुचत नाही. सडा आपोआप पडतो, फांदीला हात लावावा लागत नाही. त्याला सकाळचं ऊन पुरतं, पण मुळाशी साचलेलं पाणी मुळीच सोसत नाही. भिंतीपासून चार-पाच फूट सोडून दोन फूट खोल खड्डा आत्ताच खणा. अशा कोपऱ्यांत हमखास बांधकामाचा राबिट निघतो, तो सगळा उपसा. खड्डा उन्हात तापू द्या, मग माती नि कुजलेलं शेणखत भरा. रोप मात्र दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरच लावा.

सावलीकडे तगर, उन्हाच्या कडेला मोगरा. रोपं विकत आणण्याआधी काकूंच्या घरी विचारा. त्यांच्या कुंडीत तगर, मोगरा असेल तर पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या मागून घ्या. पावसाळ्यात त्या सहज फुटतात. पाणी कोण घालणार, तेही आजच ठरवा.