पत्रातला पगार आणि पासबुकातला पगार

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. वय ३१, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, बँकेत २६ हजार जमा होतात, १४ हजार पाकिटातून मिळतात. एजंट म्हणतो, कॅनडाच्या फाइलसाठी अनुभवाच्या पत्रावर सरळ ४० लिहून घ्या. आणि शेवटी तुम्ही चिडून विचारलंय, देशांनी बाहेरून येणाऱ्यांना कौशल्याच्या आणि कमाईच्या अटी घालाव्यात तरी का, हा फक्त पैसेवाल्यांना आत घ्यायचा डाव नाही का? आकडे इकडचे तिकडे केले तर ही २०१९ सालची माझीच गोष्ट आहे. म्हणून लांब लिहितोय.

मी वकील नाही, परवानाधारक कन्सल्टंटही नाही. नियम सारखे बदलतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी सरकारी साइटवर जे असेल तेच खरं धरा. प्रोफाइल, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), डिग्रीचं मूल्यांकन हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

सगळ्यात आधी, तो ४० चा आकडा लिहून घेऊ नका.

मी कोन डाईंगला, म्हणजे सुताला रंग द्यायच्या कामावर होतो. बँकेत २२ हजार, रोख १६. हातात ३८ येत होते, त्यामुळे पत्रात ३८ लिहिण्यात मला काही गैर वाटलं नाही, खरंच तर मिळत होते. पुण्यातली एक कन्सल्टन्सी धरली होती. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, तासन्‌तास बसायचं, रात्री परत. तिथल्या माणसाने सांगितलं, पगार मोठा दिसला की सुपरवायझरच्या दर्जाचं काम वाटतं. कामाची यादीही त्याने सरकारी साइटवरून जशीच्या तशी उचलून दिली. मालकांनी लेटरहेडवर सही-शिक्का मारून दिला. नोव्हेंबरात कॅनडाकडून अर्ज करायचं आमंत्रण आलं, ६० दिवसांत सगळं अपलोड केलं आणि घरात आम्ही बॅगांच्या गोष्टी बोलू लागलो.

काही महिन्यांनी कॅनडाच्या व्हिसा अधिकाऱ्याचं पत्र आलं. पत्रातला पगार ३८, फॉर्म १६ आणि पासबुकात २२, ही तफावत समजावून सांगा. आणि तुमच्या कामाचं वर्णन आमच्याच यादीतल्या शब्दांत आहे. उत्तराला मोजके दिवस. मी धावत मालकांकडे गेलो. १६ हजार रोख देत होतो एवढी एक ओळ लिहून द्या म्हणालो. ते म्हणाले, ‘अरे, हे लिहून दिलं तर उद्या इन्कम टॅक्सवाले माझ्या दारात उभे राहतील.’ एका वाक्यात विषय संपला. नऊ वर्षं त्यांच्याकडे काढली होती. कन्सल्टन्सीने तर फोन उचलणंच बंद केलं.

अर्ज नाकारला गेला. नशीब इतकंच की खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसला नाही, ‘अनुभव पुरेसा सिद्ध होत नाही’ एवढ्यावर भागलं. तो शिक्का बसला असता तर कॅनडाचं दार ५ वर्षं बंद झालं असतं. मला आजही खुपतं ते पुढचं. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडाच्या ज्या गुणांच्या पद्धतीतून आपण अर्ज करतो तिच्यात, भारतातल्या पगाराला एकही गुण नाही. वय, भाषा, शिक्षण, अनुभवाची वर्षं यांना गुण आहेत, पगाराला शून्य. म्हणजे ज्या आकड्याने माझी फाइल बुडाली, त्या आकड्याची गरजच नव्हती. ही गोष्ट कन्सल्टन्सीने सांगितली नाही आणि मी स्वतः वाचली नाही. वाचायला एक संध्याकाळ पुरली असती.

त्यानंतर वयाने घेरलं. जोडीदारासोबत अर्ज करणाऱ्याला २९ पर्यंत वयाचे १०० गुण. तिशीपासून दर वाढदिवसाला ५ कमी. पस्तिसाव्याला ७०, चाळिसाव्याला ४५. मला नकार आला तेव्हा ३५ पूर्ण झाली होती, तोवर आयईएलटीएसच्या निकालाची २ वर्षांची मुदतही संपत आली आणि पुढे कट-ऑफ असा चढला की परत उभं राहता आलं नाही. तुम्ही ३१ चे आहात. म्हणून पोटतिडकीने सांगतोय.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. इथे बरेचजण माझ्याशी वाद घालतील, घालू देत. माझं मत असं, की देशाने कौशल्याची अट घालावी. त्यात मला अपमान वाटत नाही. अटी लिहिलेल्या नव्हत्या तेव्हा काय होतं ते बघा. १९१४ साली भारतीय प्रवाशांना घेऊन कोमागाटा मारू जहाज कॅनडात व्हँकूव्हरला पोचलं आणि बहुतेक प्रवाशांना उतरूच दिलं नाही. आपल्या देशातून वाटेत न थांबता थेट प्रवास करून यायला हवं, असा नियम पुढे केला. भारतीय माणूस नको, हे त्या नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. कॅनडाने १९६७ साली गुणपद्धत आणली. त्यानंतर निदान कागदावर तरी सोलापूरचा माणूस आणि लंडनचा माणूस एकाच तराजूत बसू लागले. मला ती मोठी गोष्ट वाटते. साहेबाच्या मर्जीपेक्षा छापील गुण केव्हाही बरे.

पण अट कशाची, हे तपासलं पाहिजे. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली ‘श्रुतलेखनाची परीक्षा’ आणली. ५० शब्दांचा उतारा, भाषा अधिकाऱ्याने निवडायची, कुठलीही युरोपीय. नको असलेल्या माणसाला त्याला न येणाऱ्या भाषेत उतारा घालायचे. १९३४ साली एगॉन किश नावाच्या पत्रकाराला, ज्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, मुद्दाम स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा दिली. ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती. नाव कौशल्याचं, काम माणूस गाळायचं. त्यामुळे नुसती ‘कौशल्याची अट’ म्हटलं की मी मान डोलावत नाही. परीक्षा कोण घेतंय आणि काय तपासतंय हे विचारतो.

आणि कमाईची अट मला मुळातच पटत नाही. ब्रिटनने २०२४ च्या एप्रिलमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसाची सर्वसाधारण वार्षिक पगारमर्यादा २६,२०० पौंडांवरून थेट ३८,७०० वर नेली आणि २०२५ च्या जुलैत ४१,७००. लंडनच्या बँकेत हा पगार सहज मिळतो, उत्तरेकडच्या एखाद्या गावातल्या कारखान्यात त्याच हुशारीच्या माणसाला मिळत नाही. जोडीदाराला आणायचं असेल तर १८,६०० ची अट २९,००० झाली. म्हणजे नवराबायकोने एकत्र राहायचं की नाही हे पगार ठरवणार. पगारावरून त्या गावचा बाजारभाव कळतो, मालक कसा आहे ते कळतं. हाताला काय येतं ते कळत नाही. बोअरच्या जड पाण्यात रिॲक्टिव्ह डायची शेड (रंगाची छटा) हुकू न देणं मी १२ वर्षं केलंय, त्याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही.

परदेशाला शिव्या घालण्याआधी आपलंही बघा. भारतात नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी माणसाला एम्प्लॉयमेंट व्हिसा हवा असेल तर वार्षिक १६.२५ लाख रुपयांच्या वर पगार हवा, असा साधारण नियम बरीच वर्षं चालत आला आहे. त्या त्या देशाचे खास पदार्थ करणारे आचारी, दुभाषे वगैरेंना सवलत. म्हणजे आपणही पगारच मोजतो.

माझा एक मित्र सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घरात तेलुगू. मी हे सगळं रडगाणं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘का बे, आमचे आजोबा तेलंगणातून आले तेव्हा त्यांना कुणी पगाराची पावती मागितली का? मागावर बसवलं, हात बघितला, घेतलं.’ पद्मशाली विणकर आले म्हणून तर सोलापुरी चादर आज आहे तशी आहे. एका देशातलं स्थलांतर आणि परदेशाचा व्हिसा एक नाही, हे मला कळतं. पण हात बघून घ्यावं, हे बरोबरच होतं. वेल्डरला वेल्डिंग करून दाखवायला सांगा, नर्सची परीक्षा घ्या, डायरला शेड द्या. नापास झाला तर परत पाठवा, कुणी तक्रार करणार नाही.

तर तुमच्यासाठी. मालकांशी बोलून पुढच्या महिन्यापासून पूर्ण पगार बँकेत आणा, पीएफही त्यावर कापायला सांगा. ते नाही म्हणाले तर पत्रात ‘बँकेद्वारे दिला जाणारा पगार’ अशा शब्दांत २६ च लिहून घ्या. ते खरं आहे आणि त्यामागे पासबुक उभं आहे. तरी यावर परवानाधारक माणसाचं मत घ्याच, आणि पैसे देण्याआधी त्याचं नाव कॅनडाच्या कन्सल्टंट कॉलेजच्या (कन्सल्टंटना परवाना देणाऱ्या संस्थेच्या) ऑनलाइन नोंदवहीत आहे का बघा. मी हे पाहिलंच नव्हतं. कामाचं वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहा: किती कामगार हाताखाली, कुठलं मशीन, बॅच बिघडली तर काय करता. आठवड्याचे तास विसरू नका.

खर्चाचं म्हणाल तर मी भरलेल्या फीपैकी आम्हा दोघांचे प्रत्येकी ५५० कॅनेडियन डॉलर गेले, प्रत्येकी ४९० ची पीआर (कायम वास्तव्याची) फी मात्र नकारानंतर परत मिळाली. अनेकांना हे माहीत नसतं. आयईएलटीएसमध्ये लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७ गाठा. तिथून गुण एकदम उडी घेतात, कुठल्याही पगाराच्या आकड्यापेक्षा जास्त. आणि तिथे राहायच्या खर्चासाठी जी शिल्लक दाखवावी लागते, तिच्यासाठी सासऱ्यांकडून उसने घेतलेले पैसे शेवटच्या आठवड्यात खात्यात टाकू नका, ६ महिन्यांची सरासरी बघतात आणि उसने पैसे चालतच नाहीत.

पत्राचा मसुदा झाला की नावं आणि कारखाना खोडून इथे टाका. मी ओळ न् ओळ वाचेन.